बदरीनाथ यात्रा : जुन्या वाहनाची पूर्वतयारी

ऋषिकेश ते श्रीक्षेत्र बदरीनाथ हे अंतर सुमारे ३०० किलोमीटर आहे. देवप्रयागापासून विष्णुप्रयागापर्यंतचे पाचही प्रयाग याच मार्गावर लागतात. बदरीधाम समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० मीटर उंचीवर वसले आहे. महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे स्वतःच्या जीपने अथवा मोटारीने या यात्रेस निघतात. दहा-पंधरा वर्षे सेवा केलेले वाहनही ही यात्रा पार पाडू शकते. मात्र त्याची तपासणी किमान महिनाभर आधी व्हावी. म्हणजे बदललेले भाग जवळच्या एखाद्या घाटात पूर्ण भारासह पारखून घेता येतात.

ब्रेक : हिमालयात चढणीपेक्षा उतार अधिक कसोटी पाहतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. असे जुने तेल लांब उतारावर तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. पेडल तळाला टेकते, परंतु वाहन थांबत नाही. दोन वर्षांत तेल बदलले नसल्यास ते अवश्य बदलावे. लायनर, पॅड व हँडब्रेक तपासून घ्यावेत. ज्या गिअरमध्ये चढ चढला जातो, त्याच गिअरमध्ये उतार उतरावा. इंधन वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करणे किंवा इंजिन बंद ठेवणे हे प्राणाशी खेळणे होय. जळका वास येताच सुरक्षित जागी थांबून ब्रेक निवू द्यावेत.

इंजिन : ३,००० मीटर उंचीवर पाणी सुमारे ९० अंश सेल्सिअसलाच उकळते. म्हणून रेडिएटरचे झाकण, होज पाइप व फॅन बेल्ट सुस्थितीत असावेत आणि साध्या पाण्याऐवजी कूलंट वापरावे. कूलंटमुळे रात्रीच्या थंडीत पाणी गोठण्याचा धोकाही कमी होतो. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. या उंचीवर हवा जवळपास पाव हिश्श्याने विरळ असल्याने, विशेषतः टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती घटते. म्हणून आसनक्षमतेपेक्षा अधिक माणसे बसवू नयेत व टपावर जड सामान लादू नये.

टायर : टायरच्या कडेवरील चार आकडे त्याचे वय सांगतात, ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी वर्षानुवर्षांत रबर कडक होते व भेगा पडतात. असे टायर बदलावेत. स्टेपनीत हवा भरलेली असावी. जॅक, पाना, जादा फॅन बेल्ट, फ्यूज, विजेरी व चाकाला लावण्याचे लाकडी ठोकळे सोबत घ्यावेत.

चालक व कागदपत्रे : घाटाचा सराव व पुरेशी झोप झालेलाच चालक असावा. अरुंद वाटेवर चढणाऱ्या वाहनास प्रथम वाट द्यावी. दरड कोसळल्यास मार्ग खुला होईपर्यंत थांबावे. खासगी वाहनास पंधरा वर्षे पूर्ण झाली असल्यास नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे ना, हे पाहावे. विमा व प्रदूषण प्रमाणपत्र जवळ ठेवावे. यात्रेची नोंदणी आधीच करावी.

एवढे करूनही मेकॅनिकने वाहनाबद्दल शंका व्यक्त केली, तर ते ऋषिकेशला ठेवून स्थानिक वाहनाने पुढे जावे. यात श्रद्धेला कोणताही उणेपणा येत नाही. वाहनातील वृद्ध माता-पिता व लेकरे सुखरूप घरी परतली, म्हणजेच यात्रा सुफळ संपूर्ण झाली.