डावी बाजू आधी, शेगडी नंतर

घरी वीस-पंचवीस माणसं शाकाहारी जेवायला बोलावली की फजिती बहुतेक वेळा शेवटच्या अर्ध्या तासात होते. पाहुणे येऊन बसलेले असतात, शेगडीला बर्नर तीन आणि त्यांच्यावर चढायला पदार्थ सहा. बेत ठरवताना आपण पदार्थ मोजतो: दोन भाज्या, एक पनीर, पुऱ्या, मसालेभात, भजी, गोड. माझ्या मते मोजायचं ते एवढंच, की पानं घ्यायच्या आधीच्या अर्ध्या तासात विस्तव लागणारे पदार्थ किती. तो आकडा एक असावा, फार तर दोन. मी पाहिलेली बिघडलेली घरगुती जेवणं या एका आकड्यावर बिघडलेली आहेत. हाताला चव नसल्यामुळे बिघडलेली फार थोडी.

साधा हिशेब मांडून बघा. वीस माणसं आणि प्रत्येकी तीन पोळ्या म्हणजे साठ पोळ्या. एका तव्यावर एक पोळी भाजून निघायला दीड मिनिट धरलं तरी दीड तास होतो, आणि तेवढा वेळ एक बर्नर अडतो, एक माणूसही अडतो. भाताचंही तेच. पाच लिटरचा कुकर भातासाठी निम्म्याच्या वर भरायचा नसतो, त्यामुळे पाण्यासकट त्यात सहा-साडेसहाशे ग्रॅम तांदूळ जेमतेम मावतात. पोळी असूनही वीस जणांना सव्वा किलो तांदूळ लागतात, म्हणजे कुकर दोनदा. ‘रुचिरा’ या पाककृतींच्या पुस्तकाने वाटी-चमच्याचं माप घरोघरी रुजवलं, ते घरच्या पातेल्याला अगदी चपखल बसतं. पण तेच माप पाचपट केलं की पदार्थ तसाच होईल, असं समजू नका. रस्सा पाचपट झाला तरी पातेल्याचं तोंड पाचपट होत नाही, साधारण तिप्पट होतं. वाफ तोंडातून जाते, म्हणून पाणी त्या प्रमाणात आटत नाही आणि रस्सा पांचट राहतो. पाणी सुरुवातीलाच हात राखून घाला. तिखट-मीठही आधी तीन-चतुर्थांश घालून, चाखून मग वाढवा. ज्वाला मात्र तेवढीच असते, त्यामुळे उकळी यायला लागणारा वेळ कितीतरी वाढतो, आणि बेत आखताना नेमका हाच वेळ कोणी धरत नाही.

यावरचं उत्तर आपल्या वाढलेल्या पानातच आहे. डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजव्या बाजूला भाजी, उसळ, आमटी. मध्ये भात-वरण आणि वर तूप. विस्तवाच्या नजरेने या पानाकडे पाहा. डावी बाजू जवळजवळ सगळी बिनविस्तवाची, आधी करून ठेवता येणारी. उजवी बाजू अशी, की दोन तास थांबली तरी बिघडत नाही, उलट मुरते. अळूची पातळ भाजी, मटकीची उसळ, भरली वांगी, चिंचगुळाची आमटी यांना थांबणं मानवतं. ऐनवेळी गरम लागतो तो मधला भात. शेकड्याच्या पंगती या मांडणीवर उठत आल्या आहेत. म्हणून बेत डाव्या बाजूपासून लिहायला घ्या. चटणी, लोणचं, श्रीखंड आदल्या दिवशी. मटकी दोन दिवस आधी रात्री भिजवा, सकाळी फडक्यात बांधा, म्हणजे जेवणाच्या सकाळी छान मोड आलेले असतात. डाळिंब्यांची उसळ कितीही आवडती असो, वीस जणांसाठी वाल सोलायला सोबत दोन माणसं बसणार नसतील तर तो नाद करू नका.

कोशिंबिरीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सोपी म्हणून ती दुर्लक्षानेच बिघडते. काकडी चोचवून त्यात मीठ घातलं की पाच-दहा मिनिटांत तिला पाणी सुटतं. दाण्याचं कूट त्या पाण्यात भिजून लगदा होतो आणि ताटात पाण्याचा ओघळ वाटीखालून भातापर्यंत जातो. तेव्हा काकडी चोचवून फ्रीजमध्ये झाकून ठेवा, कूट वेगळं, मिरचीची फोडणी करून वेगळी. पानं मांडली की सगळं एकत्र करा, मीठ आणि लिंबू सर्वांत शेवटी. दोन मिनिटांचं काम आहे आणि त्याला शेगडी लागत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो गरम पोळीचा. पाहुण्याला तव्यावरची पोळी वाढावी ही इच्छा मला मनापासून पटते, पण ती चार माणसांपुरती निभते. वीस माणसांत पोळ्या करणारी व्यक्ती आपल्याच घरच्या जेवणाला मुकते, आणि हे मला मान्य नाही. घडीच्या पोळ्या तेल लावून, फडकं घातलेल्या डब्यात ठेवल्या की दोन तास मऊ राहतात. नाहीतर त्या सरळ पोळी-भाजी केंद्रातून आणा, त्यात कमीपणा नाही. दुसरा आक्षेप, पनीर नसेल तर शाकाहारी बेत साधा वाटतो. पनीर रश्श्यात पुन्हा पुन्हा गरम होऊन चिवट होतं. भरली वांगी त्याच वेळात चवीला चढतात. पाहुण्यांसाठी खास काय, हे पदार्थाच्या भावावर ठरवू नका. राहिला पदार्थ कमी वाटण्याचा प्रश्न, तर डावी बाजू भरलेली असली की तेच पान भरगच्च दिसतं.

पथ्यं मात्र बोलावतानाच विचारा. ‘शाकाहारी’ या एका शब्दात जैन पाहुणा येतो, चातुर्मासात कांदा-लसूण-वांगं न खाणारा येतो, तूप-दही वर्ज्य असणारा येतो. शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर आपल्या कोशिंबिरीपासून उसळीपर्यंत सगळीकडे कूट आहे हे ध्यानात ठेवा. ज्याला गहू चालत नाही त्याच्यासाठी हिंगाच्या डबीवरची घटकांची यादी वाचा; बाजारच्या हिंगात बहुधा कणीक किंवा मैदा मिसळलेला असतो. अशा पाहुण्यासाठी वेगळा पदार्थ करत बसण्यापेक्षा फोडणीआधी त्याचा वाटा काढून ठेवणं सोपं.

शेवटची गोष्ट सर्वांत गंभीर आहे. मांस-मासे नाहीत म्हणजे जेवण बाधणार नाही, हा समज चुकीचा आहे. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की त्यात ते वाढतात, आणि उलटी घडवणारं त्यांचं विष भात पुन्हा गरम केल्याने जात नाही. आधी करून ठेवा असं मी म्हणते ते म्हणूनच भाताला लागू नाही. भात पानं घेण्याच्या बेताने लावा, दुसरा कुकर पहिली पंगत बसताना. गप्पा रंगल्या असल्या तरी उरलेला भात पातेल्यात तसाच ओट्यावर सोडू नका. दोन तासांच्या आत परातीत पातळ पसरून निववा, झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि मगच बाकीची झाकपाक करा.