सायकलची चेन : गंज आणि झीज

सायकलला गरिबाचे वाहन म्हणण्याचा प्रघात आहे. शिरूर अनंतपाळच्या आसपासच्या वाड्यांतून शाळेला येणारी मुलेमुली पाहिली म्हणजे ते खरेही वाटते. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळू लागल्या, तेव्हापासून कित्येकींची शाळा सायकलवर अवलंबून आहे. आणि सायकल अवलंबून आहे चेनवर. चेन चढावर दाते सोडू लागली की मुलगी उशिरा पोहोचते. दोनदा पडली की घरचे म्हणतात, "पुरे झाली शाळा." म्हणून कलाशाखेचा विद्यार्थी असूनही मी हा विषय घेतला आहे.

आजची चेन मूळची १८८० सालची. मँचेस्टरला स्थायिक झालेल्या हॅन्स रेनॉल्ड या स्विस माणसाने पिन, बुश आणि रोलर अशी तिची रचना केली. १८८५ साली स्टार्लीच्या 'रोव्हर' सायकलने चेनवर फिरणारे मागचे चाक रूढ केले. एका पिनेपासून दुसरीपर्यंतचे अंतर अर्धा इंच असते.

'चेन लांबली' असे आपण म्हणतो, पण तिच्या पट्ट्या रबरासारख्या ताणल्या जात नाहीत. पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजतात. प्रत्येक सांध्यात केसभर ढिलाई येते, आणि शंभरावर सांध्यांची ढिलाई मिळून चेन लोंबू लागते. हे घासणे किती होते, याचा मी हिशेब करून पाहिला. मोठ्या सायकलचे चाक एका किलोमीटरमध्ये साधारण साडेचारशे फेरे घेते. मागच्या चक्राला १८ दाते आणि चेनला ११० कड्या धरल्या, तर किलोमीटरमागे चेनचे सुमारे ७५ फेरे होतात. एका फेऱ्यात प्रत्येक सांधा चार वेळा वाकतो किंवा सरळ होतो. म्हणजे किलोमीटरला ३००, आणि पाच किलोमीटरवरच्या शाळेला जाऊन येण्यात ३,००० वेळा ! मागचे चक्र जितके लहान, तितका सांधा जास्त कोनात वाकतो आणि झीज वाढते.

आता गंजाकडे वळू. ज्या जिल्ह्याला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे गंज कसला, असे कोणी म्हणेल. पण पावसाळ्याचे चार महिने सायकल वळचणीला उभी असते, आणि गंजाला पाणी व हवा एवढेच पुरते. त्यातून कॅरिअरवर खताची पोती नेली, तर सांडलेल्या पोटॅशचा क्षार गंजाला हातभारच लावतो. गंज सांध्यात शिरला की त्याची भुकटी होते. सोनार ज्या तांबड्या भुकटीने दागिना उजळतात, तीही लोखंडाचीच भस्म-जात. दागिन्याला ती चकाकी देते. पिनेला मात्र खाते. रस्त्यावरच्या वाळूतील गारगोटी तर कठीण पोलादाच्या तोडीची असते. माझ्या मते आपल्याकडे उन्हाळ्यातली धूळ गंजापेक्षा मोठा शत्रू आहे.

बाजारात 'न गंजणारी' चेन मिळते. तिच्यावर निकेलचा किंवा जस्ताचा मुलामा असतो. त्याने पट्ट्या चकचकीत राहतात, पण पिन आणि बुश जेथे घासतात तेथे मुलामा फार दिवस टिकत नाही. नेहमीचे स्टेनलेस पोलाद गंजत नाही, परंतु ते तापवून-विझवून कठीण करता येत नाही, म्हणून लवकर झिजते. तेव्हा महागड्या चेनपेक्षा तेलाकडे लक्ष दिलेले बरे.

तेल कोणते ? आपल्या भागात करडईचे तेल घरात असते, म्हणून तेच ओतले जाते. करडईचे तेल हवेत घट्ट होते. म्हणूनच ते रंगांत वापरतात. चेनवर ते चिकट होऊन धूळ धरते. मोटारीतून काढलेल्या काळ्या तेलात लोखंडाचा कीस असतो. त्यापेक्षा चेन रॉकेलने धुवावी, पूर्ण वाळू द्यावी, रात्री प्रत्येक रोलरवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडावा आणि सकाळी बाहेरचे तेल फडक्याने पुसून काढावे. तेल आत हवे, बाहेरच्या तेलाला फक्त माती चिकटते.

चेन सैल झाली की पुष्कळ ठिकाणी एक कडी काढून ती आखूड करून देतात. धाकट्या बहिणीच्या सायकलला असेच करून मिळाले, तरी चेन दाते सोडतच होती. कडी काढल्याने उरलेल्या सांध्यांची झीज भरून येत नाही, हे उघड आहे. मी शाळेतली पट्टी लावून पाहिली. २४ कड्यांचे अंतर बरोबर १२ इंच हवे. ते सव्वाबारापर्यंत गेले होते. एक अष्टमांश इंच वाढले तरी चेन बदलण्याची वेळ झाली असे समजावे. ही तपासणी कोणालाही फुकट करता येते. मात्र चेन फार झिजेपर्यंत थांबल्यास मागच्या चक्राचे दातेही तिच्या मापाने झिजतात, आणि मग नवी चेन त्यावर बसत नाही. दोन्ही बदलावी लागतात. बसवताना जोडकडीच्या क्लिपचे बंद तोंड चेन धावते त्या दिशेला ठेवावे, आणि चेन मध्यावर बोटाने दाबली असता अर्धा इंच खालीवर व्हावी इतकीच सैल ठेवावी.