रोड बाईक घेताय? दोन पावसाळ्यांनंतर ती कशी दिसेल ते आधी बघा

दुकानात रोड बाईक देखणीच दिसते. तीच सायकल मालवणात दोन पावसाळे काढते तेव्हा तिची खरी पारख होते. बोल्टांच्या डोक्यांवर तांबेरा चढतो, हँडलची टेप जांभ्याच्या धुळीने तांबूस होते आणि सीटची दांडी फ्रेममध्ये अशी अडकते की हलता हलत नाही. म्हणून ‘दिसता बरी’ एवढ्यावर पैसे मोजू नका. निवडताना दोनच प्रश्न धरून चला. खाऱ्या वाऱ्यात काय टिकेल? आणि बिघडलं तर कुडाळ-कणकवलीत काय मिळेल?

खालचे भाव ढोबळ आहेत. पैसे देण्याआधी ताजा भाव विचारा.

किती पैशांत काय मिळतं

साधारण २५ ते ४५ हजारांत ॲल्युमिनियमची फ्रेम आणि ७ किंवा ८ गिअरची मागची कॅसेट मिळते. ५० ते ८० हजारांत ९ गिअर, कार्बनचा फोर्क आणि बऱ्याचदा डिस्क ब्रेक. लाखाच्या आसपास १० गिअर. सव्वा-दीड लाखाच्या पुढे ११ किंवा १२ गिअर आणि हायड्रॉलिक ब्रेक. कार्बन फ्रेम याच्याही वर.

पहिल्यांदा घेत असाल तर दुसऱ्या गटाच्या पुढे जायची गरज नाही. वजन एखादा किलो कमी करायला पुढे दहा-दहा हजार लागतात. आचरा किंवा परुळ्याचा चढ त्या एका किलोने सोपा होत नाही. गिअरने होतो.

गिअरवरचं नाव वाचा, पण सगळं वाचा

बाजारात बहुतेक सायकलींवर शिमानोचे भाग असतात. चढता क्रम असा: टूर्नी (७), क्लारिस (८), सोरा (९), टियाग्रा (१०), १०५ (११, नव्या आवृत्तीत १२), मग अल्टेग्रा आणि ड्युरा-एस. कंसातला आकडा मागच्या चक्रांचा. क्लारिस, सोरा, टियाग्राच्या जागी कंपनी आता क्यूज ही मालिका आणते आहे. तिचे सुटे भाग जुन्यांशी सरसकट जुळत नाहीत, त्यामुळे बिलावर मालिकेचं नाव लिहून घ्या.

फसगत इथेच होते. मागचा डिरेलर डोळ्यांत भरतो, म्हणून तो वरच्या मालिकेचा लावायचा आणि क्रँक, कॅसेट, चेन, ब्रेक स्वस्तातले बसवायचे. जाहिरातीत मात्र ‘सोरा बाईक’. तुम्ही आठ गोष्टी एकेक करून तपासा: दोन्ही शिफ्टर, पुढचा डिरेलर, मागचा डिरेलर, क्रँक, कॅसेट, चेन, ब्रेक, बॉटम ब्रॅकेट. यांत शिफ्टर सर्वांत महाग. शिफ्टर खालच्या मालिकेचे असतील तर सायकलही त्याच मालिकेची समजा आणि तोच भाव द्या.

किनाऱ्यावर आणखी एक हिशेब आहे. गिअर जितके जास्त तितकी चेन बारीक आणि महाग. ८ गिअरची चेन हजार-दीड हजारांत मिळते, ११ गिअरची दोन-तीन हजारांत. मीठ दोन्ही सारखंच खातं.

गिअरचे दातेही मोजा. पुढे ५०-३४ आणि मागे ११-२८ ही जोडी सपाटीला छान. सिंधुदुर्गात सपाटी किती? मागे ३२ किंवा ३४ दात्यांचं चक्र मागा. ३४-२८ वर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण अडीच मीटर पुढे जाते, ३४-३४ वर दोन मीटरच्या थोडी वर. हा अर्धा मीटर गुडघे वाचवतो. सावंतवाडीहून सुमारे ३० किलोमीटरवर, ६९० मीटर उंचीवरच्या आंबोलीला जायचं मनात असेल तर यात तडजोड नको. दुकानदार म्हणेल ‘नंतर बदलून देतो’. कॅसेट बदलायची तर चेन लांब लागते, कधी डिरेलरही लांब पिंजऱ्याचा लागतो. बदली घेतानाच मागा आणि फरकाची रक्कम लिहून घ्या.

रूपासाठी मोजलेले पैसे

पांढरी टेप, पांढरं सीट: फोटोत सुंदर. इथे आठ दिवसांत गेरूचा रंग. काळी घ्या. टेप बदलायला पाचशे ते दीड हजार लागतात.

मॅट रंग: डाग मुरतात, घासले की चकाकणारे चट्टे पडतात. चकचकीत रंग फडक्याने साफ होतो.

फ्रेमच्या आतून गेलेल्या केबली: दिसायला नीटनेटक्या. केबल नळीच्या छिद्रातून शिरत असेल तर हरकत नाही. हँडलखालून थेट हेडसेटमधून जात असेल तर बेअरिंग बदलायलाही सगळं सोडवावं लागतं. मजुरी वाढते आणि हे काम करणारा मेकॅनिक जवळपास मिळेलच असं नाही. बाहेरून केबल असलेली सायकल घ्या.

खोल रिम, कमी आरे: रुबाब मोठा. पण खाडीच्या पुलावर आडवा वारा लागला की हँडल ओढलं जातं. २० आऱ्यांच्या चाकातला एक आरा तुटला की चाक लगेच डुलतं आणि तसला चपटा आरा मालवणात मिळत नाही. २८ किंवा ३२ साधे आरे असलेलं चाक मागा.

खाली दाबलेलं हँडल: शर्यतीच्या सायकलीसारखं दिसावं म्हणून स्टेमखालच्या रिंगा काढून वर उरलेली फोर्कची नळी कापून देतात. कापू देऊ नका. पाठ दुखायला लागली की हँडल परत वर घेता येत नाही, नवा फोर्क घ्यावा लागतो. तीन महिने चालवा, मग ठरवा.

पैसे खरंच रूपावर घालायचे असतील तर योग्य मापाच्या फ्रेमवर घाला. माप चुकलेली सायकल कितीही सजवली तरी तिच्यावर बसलेला माणूस अवघडलेलाच दिसतो. आडव्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय जमिनीवर टेकून उभे राहा, दांडीच्या वर दोन-तीन सेंटीमीटर तरी जागा सुटली पाहिजे. मग किमान दहा मिनिटं चालवून बघा. ‘हे माप शिल्लक आहे, चालेल तुम्हाला’ हे वाक्य ऐकलं की सायकल ठेवा आणि निघा.

टायर आणि ब्रेक

टायर २८ मिलिमीटरचे तरी हवेत, ३२ उत्तम. २३ किंवा २५ चे टायर देखणे, पण सागरी महामार्गाचे खड्डे आणि वळणावर सांडलेली खडी त्यांना झेपत नाही. फ्रेममध्ये किती रुंद टायर बसतो ते विचारा. मडगार्डसाठी भोकं आहेत का तेही बघा.

ट्यूबलेस टायर टाळा. आतलं द्रव उन्हाळ्यात लवकर सुकतं, दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भरावं लागतं. व्हॉल्व बघा: रोड बाईकला बहुधा बारीक, प्रेस्टा व्हॉल्व असतो. पेट्रोल पंपावरची हवा त्यात भरत नाही. पन्नास-शंभर रुपयांचा ॲडाप्टर किंवा स्वतःचा पंप लागतोच.

ब्रेकचे तीन प्रकार. रिमवर दाबणारे स्वस्त आणि दुरुस्तीला सोपे, पण पावसात थांबायला वेळ लावतात. केबलवाले डिस्क पावसात बरे आणि गावातही जुळवून घेता येतात. हायड्रॉलिक सर्वांत चांगले, पण तेल बदलायला आठशे ते दीड हजार आणि शहरापर्यंत फेरी. इथल्या पावसाचा आणि मेकॅनिकचा विचार करता मधला पर्याय निवडा.

गंजाची चाचणी, दुकानातच

खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. आऱ्यांना आणि बोल्टांना लावून बघा. जोरात चिकटलं तर साधं पोलाद. ते इथे लवकर गंजणार. जेमतेम ओढलं किंवा चिकटलंच नाही तर स्टेनलेस. मोजके बोल्ट बदलून घ्यायला दोन-तीनशे रुपये पुरतात.

फ्रेम ॲल्युमिनियमची घ्या. पोलादाची घेणार असाल तर नळ्यांच्या आत गंजरोधक मारलेलं आहे का, विचारा. कार्बन स्वतः गंजत नाही. पण कार्बनला लागून ॲल्युमिनियम आणि मध्ये खारट ओल, असं झालं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि दोन्ही भाग एकमेकांना धरून बसतात. सीटची दांडी बसवताना धातूच्या फ्रेमला ग्रीस आणि कार्बनला खास पेस्ट लावून घ्या, समोर उभे राहून. वॉरंटीचा कागदही वाचा. गंज बहुधा वॉरंटीत बसत नाही.

पाटीवर नसलेला खर्च

हेल्मेट २,०००. पुढचा-मागचा दिवा १,५००. पंप १,२००. कुलूप ८००. दोन जादा ट्यूब आणि पंक्चरचं सामान १,०००. ॲलन कीचा संच ८००. मडगार्ड ६००. बाटली आणि तिचा स्टँड ५००. झाले ८,४००. सायकल खोक्यातून आली तर जोडणीचे हजार, वाहतुकीचे दीड हजार. म्हणजे ४५ हजारांची सायकल घरी येईपर्यंत ५६ हजारांची होते. पाटीवरच्या किमतीत चौथाई मिळवा, मग बजेट ठरवा.

महाग सायकलींबरोबर बऱ्याचदा पॅडल येत नाहीत, ते आधीच विचारा. ‘फ्री ॲक्सेसरीज’ म्हणून मिळालेलं हेल्मेट आणि दिवा हलका असतो. त्याऐवजी तेवढी रक्कम कमी करा म्हणावं. ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ आणि ‘फ्रेम कोटिंग’ला नाही म्हणा.

कर तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. करापूर्वीच्या ४० हजारांवर २,८०० रुपयांचा फरक पडतो. जुन्या स्टॉकच्या जुन्या पाटीवर ‘सूट’ म्हणून हीच रक्कम दाखवत असतील तर ती सूट नाही.

कुठून, कधी, कशी आणायची

बसून बघायची तर गोवा, कोल्हापूर किंवा बेळगाव गाठा. पुण्या-मुंबईत मापं आणि पर्याय जास्त. ऑनलाइन घ्यायची असेल तरी त्याच मापाच्या फ्रेमवर आधी कुठेतरी बसून या.

घ्यायची वेळ: पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी, तेव्हा भाव बोलता येतो. दिवाळीनंतर गेल्या वर्षीच्या मॉडेलांचे भाव उतरतात. रंग जुना असला तर काही बिघडत नाही, माप मात्र तुमचंच हवं.

कोकण रेल्वेने आणायची तर ब्रेकव्हॅनमधून पार्सल किंवा लगेज म्हणून बुक करावी लागते. तिकीट, ओळखपत्र आणि बिलाची प्रत जवळ ठेवा. चढायच्या आणि उतरायच्या दोन्ही स्टेशनांवर पार्सलची सोय आहे का, गाडी पुरेशी थांबते का, हे आदल्या दिवशी विचारा. हमाली वेगळी. डिरेलर उजव्या बाजूला असतो, ती बाजू पुठ्ठ्याने बांधा आणि सायकल त्या कुशीवर आडवी ठेवू देऊ नका. मोटारीच्या टपावरून आणलीत तर घरी आल्यावर आधी गोड्या पाण्याने धुवा.

पहिली सर्व्हिसिंग महिन्याभरात किंवा दोन-तीनशे किलोमीटरनंतर. नव्या केबली सैल पडतातच. ती फुकट असेल तर कुठे मिळणार ते विचारा. पणजीत फुकट असलेली सर्व्हिसिंग मालवणकराला फुकट पडत नाही.

कागद

सायकलीला आरटीओची नोंदणी लागत नाही, विमा सक्तीचा नाही. पण चार गोष्टी हव्यातच: जीएसटीचं पक्कं बिल, बिलावर फ्रेम नंबर (तो बहुधा क्रँकच्या खाली कोरलेला असतो), शिक्क्यासह वॉरंटी कार्ड आणि कबूल केलेल्या बदलांची लेखी यादी. हप्त्यांवर घेत असाल तर ‘शून्य व्याजा’मागची प्रक्रिया फी विचारा आणि रोख भावाशी तुलना करा.

सेकंडहँड घेताना मूळ बिल आणि फ्रेम नंबर जुळवा. चेन गेजने मोजा: ०.७५ टक्के ताणली असेल तर बदलायची, ११-१२ गिअरवर ०.५ टक्क्यालाच. जास्त ताणलेल्या चेनबरोबर कॅसेटही गेलेली असते, तेवढे पैसे कापा. सीटची दांडी आणि पॅडल तुमच्यासमोर सोडवून दाखवायला सांगा. निघाले नाहीत तर सौदा सोडा. पडलेली कार्बन फ्रेम कितीही स्वस्त असली तरी नको.

वर्षाचा खर्च

चेन, ब्रेक पॅड, केबली, दोन सर्व्हिसिंग धरून साधारण पाच-सहा हजार. हा आकडा तुमच्या हातात आहे. फेरीनंतर गोड्या पाण्याचा हलका फवारा मारा (जोराच्या पाइपने नाही, बेअरिंगमध्ये पाणी शिरतं), फडक्याने पुसा, चेनला सायकलचंच तेल द्या. खोबरेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. तारकर्लीच्या पुळणीवर फोटोसाठी सायकल नेऊ नका, ओली वाळू चेनमध्ये एकदा शिरली की सगळं सोडवूनच साफ करावं लागतं. पावसाळ्यात सायकल वापरणार नसाल तर धुऊन, तेल देऊन घरात ठेवा, पडवीत नाही. महिन्यातून एकदा सीटची दांडी सोडून हलवा.

फसलात तर

आधी दुकानदाराला लेखी कळवा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तेवढ्यानेही भागलं नाही तर ओरोसला जिल्हा ग्राहक आयोग. सायकल पुण्यात घेतलेली असली तरी २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. तिथे बिल आणि ती लेखी यादी लागेल. म्हणून पैसे देण्याआधी यादीवर सही घ्या, रंग त्यानंतर निवडा.