नाही म्हणणारा केमिस्ट

माझं शिक्षण बी. फार्म. वडिलांचं सांगलीत औषधांचं दुकान होतं, त्यामुळे काउंटरच्या आतलं जग लहानपणापासून पाहिलेलं. पुण्यात एका एम. डी. डॉक्टरांबरोबर वजन कमी करण्याची ऑनलाइन सेवा सुरू केली, तेव्हा औषधपुरवठ्याची बाजू ओघानेच माझ्याकडे आली. पहिली तपासणी डॉक्टर समोरासमोर करतात, पुढच्या भेटी व्हिडिओवर होतात. मार्च २०२५ मध्ये माउंजारो, म्हणजे तिर्झेपटाइड, भारतात आलं आणि जूनमध्ये वेगोवी, म्हणजे सेमाग्लुटाइड. दोन्ही आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं. लातूर, जळगाव, नागपूरहून पेशंट येऊ लागले. डॉक्टर कितीही चांगले असले, तरी पेशंटच्या हातात पडतं ते केमिस्टने पाठवलेलं औषध. हा केमिस्ट कसा निवडावा, हे मी काही चुका करून शिकले. ते इथे मांडते.

१. परवाना दुकानात जाऊन पाहा.
किरकोळ विक्रीचे फॉर्म २० आणि २१ मधले परवाने व्हॉट्सॲपवर कुणीही पाठवतं. मी दुकानात जाते, मुदत वाचते आणि फार्मासिस्ट खरोखर हजर आहे का ते बघते. मग त्यांना एकच प्रश्न विचारते : पेशंटचे लागोपाठ तीन डोस चुकले, तर काय सांगाल? ‘पुढचा घ्या म्हणू,’ असं उत्तर आलं, की मी चहा घेऊन निघते. ‘आधी डॉक्टरांना विचारायला सांगू, कदाचित पुन्हा कमी डोसपासून सुरुवात करावी लागेल,’ असं म्हणणाऱ्यापाशी मी बसते.

२. खरेदीचं बिल मागायला लाजू नका.
माल कंपनीच्या अधिकृत स्टॉकिस्टकडून आला आहे का, बिलावरचा बॅच नंबर आणि खोक्यावरचा नंबर एकच आहे का, हे दर महिन्याला जुळवावं. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जगाला सावध केलं होतं. ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत असा माल सापडला होता. ज्या औषधाला मागणी जास्त आणि किंमतही जास्त, त्याची नक्कल होणारच. एका दुकानदाराने आम्हाला बराच कमी भाव दिला होता. बिल मागितल्यावर ते ‘उद्या देतो’ म्हणाले. आठवडाभर तो उद्या आला नाही आणि आम्ही तो व्यवहार सोडला.

३. उन्हाइतकीच बर्फाचीही भीती बाळगा.
इंजेक्शनचं न वापरलेलं पेन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ते एकदा गोठलं, तर टाकूनच द्यायचं असतं, हे फार थोड्यांच्या लक्षात राहतं. आमच्या पहिल्या उन्हाळ्यात एका केमिस्टने काळजीपोटी पेन थेट फ्रीझरमधून काढलेल्या जेल पॅकला चिकटवून पाठवलं. पेशंटने फोटो पाठवला, तेव्हा खोक्याच्या आतून बर्फ दिसत होता. गोठलेलं औषध वितळलं, की बाहेरून पूर्वीसारखंच दिसतं, म्हणून हा धोका मोठा. ते पेन आम्ही आमच्या खर्चाने बदलून दिलं. आता पॅक आणि औषध यांच्यामध्ये जाड पुठ्ठा असलाच पाहिजे, हे करारात लिहिलेलं आहे. फ्रिजमध्ये किमान-कमाल तापमान दाखवणारा थर्मामीटर, दिवसातून दोनदा नोंद आणि वीज गेल्यावर फ्रिज चालेल असा इन्व्हर्टर, या तीन गोष्टी मी स्वतः पाहते.

४. पहिलं पार्सल आपल्याच माणसाला पाठवा.
कुठल्याही नव्या केमिस्टकडून आधी रिकाम्या पेनांचं पार्सल मागवते. त्यात तापमान नोंदवणारं छोटं यंत्र असतं. मे महिन्यात असं एक पार्सल नागपूरला मावशीकडे पाठवलं. ते शनिवारी निघालं, रविवारी कुरिअरच्या गोदामात पडून राहिलं आणि सोमवारी दुपारी पोहोचलं. तोवर थर्माकोलच्या डब्यातलं तापमान बाहेरच्या हवेइतकं झालं होतं. डब्यात दोष नव्हता, दोष वाराचा होता. तेव्हापासून लांबची पार्सलं आम्ही सोमवार ते बुधवारच पाठवतो.

५. आजच्या डोससोबत पुढच्या डोसचाही साठा विचारा.
ही औषधं पायरीपायरीने वाढवावी लागतात. वेगोवी ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू होतं आणि साधारण दर चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ करत २.४ पर्यंत जातं. सुरुवातीचे डोस प्रत्येकाकडे असतात, अडतं ते वरच्या डोसवर. मध्ये खंड पडला आणि पेशंटने नंतर एकदम मोठा डोस घेतला, तर उलट्या आणि मळमळीने तो हैराण होतो. म्हणून दर पंधरा दिवसांनी मी केमिस्टला यादी देते : कुणाला, कोणत्या तारखेला, कोणती पायरी लागणार. ती यादी वाचून आधीच फोन करणारा माणूस धरून ठेवावा.

६. परस्पर ब्रँड बदलणाऱ्याला तिथेच थांबवा.
औषध नियमांच्या ६५व्या नियमानुसार शेड्यूल एचमधल्या औषधाच्या चिठ्ठीवर केमिस्टला आपल्या मनाने दुसरं औषध देता येत नाही, घटक तोच असला तरीही. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. त्यानंतर स्वस्त ब्रँड येणं पेशंटच्या भल्याचंच आहे. पण पेन बदललं, की डोस फिरवण्याची रीत बदलू शकते. म्हणून बदल हवा असेल, तर डॉक्टरांची नवी चिठ्ठी आणि पेशंटला पुन्हा शिकवणं, दोन्ही हवं.

७. कट घेऊ नका, पेशंटला बांधू नका.
‘मॅडम, तुमचं काय ते बघू,’ हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरांना पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन घेता येत नाही. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचना सांगतात, की चिठ्ठी थेट दुकानाला पाठवायची असेल तर पेशंटची स्पष्ट संमती हवी आणि औषध कुठूनही घेण्याची मुभा त्याला हवी. आम्ही चिठ्ठी आधी पेशंटला देतो. त्याच्या गल्लीतल्या केमिस्टकडे औषध नीट थंड ठेवलेलं मिळत असेल, तर त्याने तिथूनच घ्यावं. एकदा कट घेतला, की त्या दुकानाच्या चुकीवर बोट ठेवण्याचा आपला हक्क गेला.

८. पार्सलवर आजार लिहू नका.
लातूरच्या एका पेशंटने रडत फोन केला होता. डिलिव्हरीच्या मुलाने सोसायटीच्या गेटवर ‘वजन कमी करायचं इंजेक्शन आलंय’ असं मोठ्याने सांगितलं होतं. वजनावरून आयुष्यभर टोमणे ऐकलेल्या बाईला हे किती लागतं, ते तिच्या आवाजात होतं. आता खोक्यावर फक्त नाव, पत्ता आणि ‘थंड ठेवा’ इतकंच असतं.

९. ‘नाही’ म्हणणाऱ्याला जपा.
सोलापूरचे आमचे केमिस्ट वयाने मोठे, मी त्यांना काका म्हणते. प्रत्येक पार्सलआधी ते पेशंटला फोन करतात. एका सकाळी त्यांचा मला फोन आला. “ताई, आजचं एक पार्सल मी थांबवलंय. पोरगी सहज बोलता बोलता म्हणाली, पाळी चुकलीये. डॉक्टरांनी तिच्याशी बोलल्याशिवाय मी देणार नाही.” चिठ्ठी बरोबर होती, पैसे जमा झाले होते, परवानेही चोख होते. तरीही त्यांनी औषध थांबवलं. गरोदरपणात हे औषध घ्यायचं नसतं. मूल हवं असेल, तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. डॉक्टरांनी तासाभरात तिला फोन केला. तपासणीत ती गरोदर निघाली.

त्या दिवशी काकांच्या दुकानाची एक विक्री बुडाली. नव्या केमिस्टशी बोलताना मी आता शेवटी विचारते, “तुम्ही गेल्या महिन्यात कुणाला औषध नाकारलंत, आणि का?” आठवून सांगणारा भेटला, की पुढची बोलणी मी त्याच्याशीच करते.