ओढणीवरचा शेर कोणाचा?

ओढणीच्या काठावर शेर, कुर्त्याच्या पाठीवर कवितेची ओळ, बैठकीच्या भिंतीसाठी मखमलीवर जरीचा तुगरा, अशा मालाला गिऱ्हाईक आहे आणि आपले छपाईवाले व जरदोजी कारागीर तो उत्तम काढतात. कापड आपले, रंग आपला, कसब आपले. शब्द मात्र दुसऱ्याचे. त्यांचा मालक कोण, हे विचारण्याची सवय आम्हालाही नव्हती. ती एका नोटिशीने लावली.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका हयात शायराचा शेर सुती स्टोलवर छापून घेतला. चारशे नग काढले. ईदच्या तोंडावर माल दुकानांत गेला आणि पंधरवड्यात वकिलाचे पत्र आले. आम्ही निर्धास्त होतो. ओळी दोनच, खाली शायराचे नाव छापलेले, शिवाय त्यांची फुकट प्रसिद्धी. यात गुन्हा कसला? ही तीन उत्तरे घेऊन आम्ही आमच्या वकिलाकडे गेलो. त्यांनी १९५७ चा कॉपीराइट कायदा पुढे ठेवून तिन्ही खोडून काढली.

दोन-चार ओळी घेतल्या तर चालते, असे बाजारात सर्रास ऐकू येते. पाठ्यसंग्रहात छोटे उतारे घेण्याची सवलत कायद्यात आहे, पण ती शिक्षणासाठी आणि अटींसह. कापडासाठी ओळींचे माप कायद्यात कुठेच नाही. कृतीचा महत्त्वाचा भाग उचलला का, एवढेच पाहिले जाते. आणि गझलेचा प्रत्येक शेर आपल्या जागी पूर्ण असतो, हे तर आम्ही उर्दू शाळेतच शिकलो होतो! तेव्हा ज्याची तारीफ केली तेच इथे आमच्यावर उलटले. सुटा शब्द किंवा रोजच्या बोलण्यातला वाक्प्रचार मात्र मोकळा आहे. नुसत्या शीर्षकालाही कॉपीराइट नाही, असे सुप्रीम कोर्टाने ‘देसी बॉईज’ या चित्रपटाच्या नावावरून झालेल्या खटल्यात २०१५ साली सांगितले. अर्थात, एखादे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदलेले असेल तर तो कायदा निराळा.

नाव छापल्याने परवानगी मिळत नाही. नाव हे शायराचे देणे आहे, ते द्यायचेच. कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यावरही कवीला आपले नाव मागता येते आणि शब्दांची मोडतोड झाल्याने आपल्या लौकिकाला बाधा आली तर हरकत घेता येते. काठ अपुरा पडला म्हणून मिसऱ्यातला शब्द गाळणाऱ्या छपाईवाल्यांनी हे ध्यानात ठेवावे.

राहिली प्रसिद्धी. आमच्या मुलाने कुठेतरी ‘फेअर यूज’ वाचले होते. ती अमेरिकेच्या कायद्यातली गोष्ट. तिथेही कलावंत म्हटला की सगळे माफ असे नाही; अँडी वॉरहॉल यांनी एका छायाचित्रावरून केलेले चित्र मासिकाला वापरायला दिल्याच्या प्रकरणात २०२३ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने छायाचित्रकार बाईंच्या बाजूने कौल दिला. आपल्या कायद्यात ‘फेअर डीलिंग’ आहे आणि त्याचे दरवाजे मोजके आहेत: खाजगी वापर व संशोधन, टीका किंवा समीक्षा, आणि चालू घडामोडींचे वृत्त. घरच्या बाईने आपल्या भिंतीसाठी शेर भरतकामात विणला तर तो खाजगी वापर. तोच शेर आम्ही चारशे नगांवर छापून विकला तर तो धंदा. चित्रकाराने कवितेवर भाष्य करण्यासाठी तिच्या ओळी चित्रात घेतल्या तर त्याला निदान बाजू मांडता येते. आम्हाला तीही नव्हती. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. शिक्षा कमी करण्याची मुभा कोर्टाला आहे, पण ती धंद्यात नफ्यासाठी न केलेल्या उल्लंघनापुरती.

मग छापायचे काय? भारतीय कवीचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. गालिब १८६९ साली गेले, त्यांचा दिवाण मोकळा. साहिर १९८० साली गेले, त्यांचे शब्द २०४० अखेर बांधलेले. कुसुमाग्रज २०५९, सुरेश भट २०६३, राहत इंदौरी २०८० पर्यंत. बहिणाबाई चौधरींचा हिशेब वेगळा: त्या १९५१ साली गेल्या, गाणी पुस्तकरूपाने १९५२ साली आली, म्हणून मुदत प्रकाशनापासून मोजायची. ती २०१२ अखेर संपली. गालिबचा कोणी मराठी अनुवाद केला असेल तर त्या अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो. सिनेगीताचा हक्क पुष्कळदा संगीत कंपनीकडे असतो, तेव्हा कवीच्या घरच्यांनी हो म्हटले तरी पुरत नाही.

तुगरेवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. आयत कोणाच्या मालकीची नाही, पण ती ज्या खत्तातने लिहिली त्याचे वळण त्याचे आहे. कॅलेंडरवरून तुगरा उचलून त्यावरून स्क्रीन बनवणे म्हणजे कारागिराने कारागिराचेच घेणे. आपल्या कातिबाकडून नवे लिहून घ्या आणि हक्क कोणाचा राहील तेही लिहून ठेवा.

‘पन्नास नगांपर्यंत चालते’ हाही गैरसमज. पन्नासाची गोष्ट डिझाइनची आहे: नोंदणी न केलेले डिझाइन मालकानेच किंवा त्याच्या परवानगीने कारखानदारी पद्धतीने पन्नासाहून अधिक नगांवर उतरले की त्याचा कॉपीराइट संपतो. गादी-सोफ्याच्या कापडावरील नक्षीबाबत दिल्ली हायकोर्टाने २००९ साली हेच धरले. शेर ही नक्षी नव्हे, साहित्य आहे.

परवानगी घ्यावी ती लेखी. हक्कच लिहून घेत असाल तर मुदत आणि मुलूख दोन्ही घाला. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षे धरतो, मुलूख लिहिला नाही तर भारतापुरताच. दुबईला माल पाठवणाऱ्यांनी इथे डोळे उघडे ठेवावेत.

आमचे प्रकरण कोर्टाबाहेर मिटले. न विकलेले १७० नग परत मागवले, विकलेल्या मालावर शायरांना रक्कम दिली. सही करताना त्यांनी विचारले, ‘आधी का नाही आलात?’ पुढच्या हंगामात गेलो. त्यांनी दर नगामागे जी रक्कम सांगितली ती आम्ही रंगवाल्याला देतो त्याहून कमी होती.