जवसाच्या शेतातील निंदणी
(पाठ : मत्तय १३ : २४–३०, ३६–४३)

बेल्जम देशातील फ्लांडर्स प्रांतात एमिल क्लाउस (१८४९–१९२४) नावाचा चित्रकार होऊन गेला. त्याने १८८७ साली काढलेले जवसाच्या निंदणीचे मोठे चित्र आँटवर्प शहरातील संग्रहालयात आहे. हिरव्या कोवळ्या पिकात स्त्रिया व मुली गुडघे टेकून ओणव्या झाल्या आहेत, आणि सर्व शेतावर ऊन पसरले आहे. चित्रकाराने शास्त्राचा दाखला म्हणून हे काढिले नाही. आपल्या भागातील कष्ट त्याने जसे पाहिले तसे रंगविले.

नागपूर-वऱ्हाडाकडे जवस तेलासाठी पेरतात. फ्लांडर्समध्ये तेच रोप धाग्यासाठी लावीत, म्हणून ताट सरळ राहणे अगत्याचे. रोप वीतभरही झाले नाही तोच हातांनी निंदीत. निंदणारी माणसे वाऱ्याकडे तोंड करून पुढे सरकत. त्यामुळे गुडघ्यांनी लवलेली रोपे वाऱ्याने पुन्हा उभी राहत. तण काढावयाचे, पण पिकाची काडी मोडू द्यावयाची नाही, एवढी ही काळजी!

आता कोणी म्हणेल, असे आहे तर प्रभूच्या दाखल्यातील धन्याने दासांस निंदू का दिले नाही? सव्विसावे वचन नीट वाचावे. पाला येऊन पीक निसवल्यावर मग निदण दिसले. ते गवत कोवळेपणी गव्हासारखेच दिसते, ओंबीवरून ओळखू येते. आणि तोवर दोहोंची मुळे एकमेकांत गुंतलेली असतात. फ्लांडर्सच्या बायांना जी वेळ साधली, ती येथे निघून गेली होती.

शेत म्हणजे जग, असे प्रभूने स्वतः सांगितले आहे (वचन ३८), आणि निवडण्याचे काम देवदूतांकडे ठेविले आहे. तेव्हा मंडळीत शिस्त नकोच, असा अर्थ कोणी काढू नये. मत्तय १८ : १५–१७ यात तिच्या पायऱ्या आहेत : आधी एकट्याने जावे, मग एकदोघांस बरोबर न्यावे, त्यानंतर मंडळीस कळवावे. आपल्या खेड्यांत बहुधा शेवटची पायरी प्रथम चढतात. एका मनुष्याचे नाव पटावरून काढिले म्हणजे त्याची बायको, लेकरे, म्हातारी आई हीही उपासनेस येईनाशी होतात. मुळे गुंतलेली असतात ती अशी.

उपदेशक बंधूंनी पंचांच्या सभेपुढे पाठ घेताना एवढेच विचारावे : ज्याच्याविषयी आज बोलणे आहे, त्याच्या घरी आपल्यांपैकी एकटे कोण जाऊन आले?