कुटुंबासाठी गेम कन्सोलचे बंडल निवडताना

गेम कन्सोलचे बंडल म्हणजे कन्सोल आणि त्यासोबत एखादा गेम, जास्तीचा कंट्रोलर किंवा काही महिन्यांची सदस्यता, असे एकाच किमतीत विकलेले साहित्य. ते स्वस्त पडले की महाग, हे खोक्यावरच्या सवलतीच्या आकड्यावरून कळत नाही. बंडलातल्या ज्या वस्तू घरच्यांनी नाहीतरी विकत घेतल्याच असत्या, तेवढ्यांचीच किंमत धरायची, बाकीच्यांची शून्य. बंडलात नसलेल्या, पण पहिल्याच महिन्यात घ्याव्या लागणाऱ्या वस्तूंची किंमत बंडलच्या किमतीत मिळवायची. हा हिशेब दुकानात उभ्या उभ्या होत नाही. तो घरी, मुलांना जवळ बसवून कागदावर करावा.

कंपन्यांचा स्वतःचा हिशेब निराळा असतो. मे 2021 मध्ये एपिक गेम्स आणि ॲपल यांच्यातील खटल्यात साक्ष देताना मायक्रोसॉफ्टच्या लोरी राइट यांनी सांगितले, की एक्सबॉक्स कन्सोलच्या विक्रीतून कंपनीला कधीही नफा झालेला नाही. यंत्रावर कमाई होत नसेल, तर ती पुढच्या गेम, सदस्यता आणि जोडसाहित्यातून व्हायची असते. म्हणून कन्सोल ही एकदाची खरेदी समजू नये. वर्षभरात त्यावर किती खर्च होईल, ते आधीच मांडलेले बरे.

सोबतचा गेम हे बंडलचे मुख्य आकर्षण असते आणि फसगतही बहुधा तिथेच होते. 2021 च्या अखेरीस आलेल्या एक्सबॉक्स सीरिज एसच्या एका बंडलात फोर्टनाइट आणि रॉकेट लीग ही नावे ठळकपणे छापलेली होती. हे दोन्ही गेम मुळातच फुकट आहेत. खोक्यातून मिळत होते ते त्या गेममधले पोशाख, गाड्या आणि आभासी नाणी. बंडलची किंमत नुसत्या कन्सोलइतकीच असल्याने कुणाचे नुकसान झाले नाही, पण दोन गेम फुकट मिळाले असे समजणाऱ्याच्या हाती प्रत्यक्षात एकही जास्तीचा गेम पडला नाही. याउलट जून 2025 मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच 2 चे उदाहरण पाहा. अमेरिकेत त्या वेळी नुसता कन्सोल 449.99 डॉलरला होता, मारिओ कार्ट वर्ल्डसह बंडल 499.99 डॉलरला आणि तोच गेम सुटा 79.99 डॉलरला. ज्या घरात तो गेम घेतलाच जाणार होता, तिथे 30 डॉलर वाचले. ज्या घरात तो नको होता, तिथे 50 डॉलर जास्तीचे गेले.

कुटुंबासाठी म्हणावे असे बंडल पाहायचे तर 2006 मधल्या निन्टेन्डो वीकडे जावे लागते. जपानबाहेर बहुतेक ठिकाणी त्या कन्सोलसोबत वी स्पोर्ट्स हा गेम खोक्यातच मिळे. रिमोट हातात धरून टेनिसची रॅकेट फिरवल्यासारखा हात फिरवायचा, एवढे कळले की आजीही खेळू शके. खोक्यात रिमोट एकच होता, पण बोलिंग खेळताना तो आळीपाळीने हातोहात देता येई. आज बंडल निवडतानाही हाच प्रश्न विचारावा: यातला गेम घरातले किती जण, एकाच खोलीत, एकाच वेळी खेळू शकतील?

हा प्रश्न कंट्रोलरपाशी येऊन थांबतो. पाडव्याच्या दिवशी खोके फुटते, दोन भावंडे टीव्हीसमोर बसतात आणि कंट्रोलर निघतो एक. दुसरा आणायला त्याच संध्याकाळी धावपळ होते आणि सेल संपलेला असल्याने तो पूर्ण किमतीला घ्यावा लागतो. प्लेस्टेशन 5 च्या नेहमीच्या खोक्यात एकच कंट्रोलर असतो. घरात प्लेस्टेशन 4 चे जुने कंट्रोलर पडलेले असले तरी प्लेस्टेशन 5 चे गेम त्यांवर चालत नाहीत. एक्सबॉक्स वनचे जुने कंट्रोलर मात्र सीरिज एस आणि सीरिज एक्सवर चालतात, त्यामुळे ज्यांच्याकडे ते आहेत त्यांची मोठी बचत होते. निन्टेन्डो स्विचच्या दोन्ही बाजूंचे जॉय-कॉन हे कंट्रोलर सुटे करून दोघांना एकेक घेता येतो. स्विच लाइटमध्ये ही सोय नाही आणि तो टीव्हीलाही जोडता येत नाही. म्हणूनच दोन मुलांच्या घरात जास्तीचा कंट्रोलर असलेले बंडल गेम असलेल्या बंडलपेक्षा बहुधा अधिक उपयोगी ठरते.

खोक्यावरच्या ‘मल्टिप्लेअर’ या शब्दावर विसंबून चालत नाही. पुष्कळ गेममध्ये सवंगडी फक्त इंटरनेटवरचे असतात. सोफ्यावर शेजारी बसून दोघांना खेळता येते का, हे वेगळे विचारावे लागते. इट टेक्स टू हा 2021 चा गेम तर एकट्याने खेळताच येत नाही, दोघे हवेतच. आईला मुलासोबत किंवा भावाला बहिणीसोबत खेळायला लावणारे असे गेम थोडे आहेत, पण ते मुद्दाम शोधावेत.

वयाचे चिन्ह पाहणेही तितकेच गरजेचे आहे. युरोपच्या पेगी पद्धतीत 3, 7, 12, 16 आणि 18 असे आकडे असतात. अमेरिकेच्या ईएसआरबी पद्धतीत ई, टी, एम अशी अक्षरे. 2022 मध्ये प्लेस्टेशन 5 सोबत गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉकचे बंडल निघाले होते. त्या गेमवर पेगीचा आकडा 18 आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी कन्सोल घेणाऱ्याला त्या गेमचा काहीच उपयोग नाही, मग सवलत कितीही असो.

आता बरेचदा गेमची डिस्क मिळत नाही, खोक्यात कागदाची एक चिठ्ठी असते आणि तिच्यावर कोड छापलेला असतो: प्लेस्टेशनचा बारा अक्षरांचा, एक्सबॉक्सचा पंचवीस. तो एकदाच वापरता येतो. वापरलेल्या किंवा उघडलेल्या खोक्यातली चिठ्ठी जागेवर असली तरी कोड आधीच खर्ची पडलेला असू शकतो. दुसरी अडचण परदेशातून आणलेल्या मालाची. अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या नातेवाइकांनी हौसेने आणलेले बंडल घरी येते, पण प्लेस्टेशनचा कोड ज्या देशासाठी काढलेला असतो त्याच देशाच्या खात्यावर चालतो आणि खात्याचा देश नंतर बदलता येत नाही. भारतात उघडलेल्या खात्यावर तो अमेरिकन कोड लागत नाही. कन्सोल स्वतः 100 ते 240 व्होल्टवर चालतो, पिनेचा प्रश्न साध्या केबलने सुटतो. अडचण असते ती गेम आणि वॉरंटीची. इथे दुरुस्तीची वेळ आली, की परदेशातली वॉरंटी कामाला येत नाही.

डिस्क ड्राइव्ह असलेला आणि नसलेला कन्सोल यांतला फरक भारतातल्या मध्यमवर्गीय घरासाठी फार मोलाचा आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये प्लेस्टेशन 5 भारतात आला, तेव्हा डिस्कवाला 49,990 रुपयांना आणि डिजिटल 39,990 रुपयांना होता. दहा हजारांची ही बचत मोठी वाटते. पण सोनीचे काही नवे गेम तेव्हा 4,999 रुपयांना होते. डिस्क खेळून झाल्यावर विकता येते, मित्राशी बदलता येते, जुन्या गेमच्या दुकानात देऊन दुसरी आणता येते. डिजिटल गेम त्या खात्यालाच चिकटून राहतो. वर्षाला चार-पाच मोठे गेम खेळणाऱ्या घरात दहा हजारांची भरपाई लवकर होते. वर्षभर एकच फुटबॉलचा गेम खेळणाऱ्या घराने डिजिटल खुशाल घ्यावा. एक्सबॉक्स सीरिज एसला डिस्क ड्राइव्ह नाहीच, आणि त्याच्या 512 जीबीच्या मूळ मॉडेलमध्ये गेमसाठी सुमारे 364 जीबी उरतात. शंभर जीबीचे तीन गेम टाकले की चौथ्यासाठी आधीचा काढावा लागतो.

दुकानदाराने किंवा ऑनलाइन विक्रेत्याने स्वतः बांधलेल्या ‘कॉम्बो’कडे विशेष सावधपणे पाहावे. कंपनीचे बंडल एका खोक्यात, एका लेबलखाली येते. कॉम्बोत कन्सोलच्या खोक्यासोबत हेडफोन, सिलिकॉनचे कव्हर, कंट्रोलरच्या काडीवर बसवायच्या रबरी टोप्या, चार्जिंग स्टँड अशी भर असते आणि प्रत्येक वस्तूवर फुगवलेली छापील किंमत. ती सगळी बेरीज दाखवून सवलत मोठी केली जाते. कधी त्यातली वस्तू चालतच नाही: स्विच 2 वर गेम साठवायला मायक्रोएसडी एक्स्प्रेस प्रकारचेच कार्ड लागते, साधे मायक्रोएसडी चालत नाही. विक्रेत्याला कन्सोल सुटा देण्यास सांगून त्याचा भाव विचारावा. तो भाव आणि कॉम्बोचा भाव शेजारी लिहिला, की खरी सवलत दिसते.

बंडलातली सदस्यता मोफत महिने संपल्यावर कार्डावरून आपोआप पैसे कापू लागते, म्हणून ती सुरू करतानाच नूतनीकरण बंद करून ठेवावे. सदस्यतेतून मिळालेले गेम सदस्यता संपल्यावर उघडत नाहीत. फोर्टनाइटसारखे फुकट गेम प्लेस्टेशनवर ऑनलाइन खेळायला तिची गरजही नाही.

खरेदीच्या वेळी पक्के बिल घ्यावे आणि त्यावर कन्सोलचा सीरियल नंबर लिहून घ्यावा. अधिकृतपणे आयात झालेल्या मालाच्या खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे कायद्याने बंधनकारक आहे. हे लेबल नसेल, तर तो माल चोरवाटेने आलेला समजावा. भाव कितीही कमी असला तरी त्याची वॉरंटी मिळेल असे धरू नये. स्विचच्या बाबतीत हे अधिक जपावे लागते, कारण मुंबई-पुण्याच्या बाजारात दिसणारे बरेचसे स्विच बाहेरून आणलेले असतात. तक्रार करायची झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे आणि तिथे बिलाची प्रत लागते.

खोके घरी आले, की ते फोडताना मोबाइलवर सलग चित्रण करावे. आधी कन्सोल, मग असतील त्या कंट्रोलरची प्रत्येक काडी आणि बटण तपासावे. गेमचा कोड मात्र सगळे ठीक चालते याची खात्री पटल्यावरच खात्यावर टाकावा, कारण कोड वापरलेले बंडल बहुतेक विक्रेते परत घेत नाहीत.